काटा हलत नाही तेव्हा



माझ्या लहानपणी सोलापूरच्या रेल्वे स्टेशनवर वजनाचं एक यंत्र होतं. रंगीत दिवे लुकलुकायचे, काचेमागे चकती गरगरायची. नाणं टाकलं की खटकन एक जाड तिकीट खाली पडायचं. त्याच्या एका बाजूला वजन छापलेलं असे आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. खालाकडे पुण्याला जाताना अब्बा मला एक नाणं द्यायचे. तिकिटावरचं वजन कुणी फारसं बघतच नसे. सगळे आधी भविष्य वाचायचे.

आज मी पंचावन्न वर्षांचा आहे. ते यंत्र गेलं आणि घरात बाथरूमच्या दाराशी एक चपटा काटा आला. या काट्यातून भविष्याचं तिकीट पडत नाही. म्हणून मी वजनच भविष्यासारखं वाचू लागलो. त्या वाचनात माझी काय चूक झाली, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत आकडा आला ६.२. म्हणजे मधुमेह अजून घरात शिरला नव्हता, पण उंबऱ्यावर उभा होता. माझ्या थोरल्या भावाला, भाईजानना, तो पंधरा वर्षांपासून आहे. त्यामुळे डॉक्टरांना मला फार घाबरवावं लागलं नाही. ते म्हणाले, "आज गोळी देत नाही. चाला, आणि जेवण आवरा."

मी दोन्ही केलं. पहाटेची नमाज झाली की सिद्धेश्वर तलावाकडे निघायचं आणि पाऊण तास चालायचं. सोबतीला एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर भेटले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या. चहातली साखर गेली. बिर्याणी ईदला आणि लग्नाला, तीही अर्धी थाळी. पहिल्या तीन महिन्यांत काटा ८२ वरून ७९ वर आला. मी खूश झालो. घरच्यांना अर्धा किलोची बातमीसुद्धा जेवायच्या आधी द्यायचो.

मग काटा थांबला. महिना गेला, सहा महिने गेले. नऊ महिन्यांनी बघतो तर ८०! पाऊस असो, थंडी असो, एक दिवस खाडा नाही, आणि फळ काय, तर एक किलो जास्त. ऑफिसातली मंडळी विचारायची, "सर, तलावावर जाता की भज्यांच्या गाड्यावर?" अप्पा रोज विचारायचे, "काय शायर, काटा काय म्हणतो?" डिसेंबरातल्या एका पहाटे नमाजेनंतर मी बूट घातलेच नाहीत. पुन्हा रजईत शिरलो. तीन आठवडे तलावाकडे फिरकलो नाही.

त्याच दिवसांत भाईजानना भेटायला गेलो. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली आहेत. मी सहज म्हणालो, "चालणं सोडलंय. काही उपयोग होत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीही असाच थांबलो होतो. चार महिने चाललो. काटा हलला नाही, म्हणून सोडलं. तेव्हा कुणी मला अडवलं नाही. मी तुला अडवतो."

चालणं सोडलं म्हणून त्यांची बोटं गेली, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, पाय बधिर झाला, चप्पल घासून झालेली जखम कळलीच नाही, दवाखान्यात जायला उशीर झाला. पण या साखळीची एक कडी त्या न हललेल्या काट्याशी होती, हे त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे गेलो. काटा का हलत नाही? आणि हलणारच नसेल, तर चालायचं कशाला?

पहिल्या प्रश्नाला त्यांनी कागद-पेन्सिल काढली. माझ्या वजनाचा माणूस पाऊण तास बऱ्यापैकी वेगानं चालला, तर साधारण दीडशे ते दोनशे उष्मांक खर्च होतात. आता आम्ही सोलापूरकर. भाकरीबरोबर शेंगाचटणी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. शेंगदाणा पौष्टिक, म्हणून चटणी मी कधी मोजलीच नव्हती. दोन मोठे चमचे चटणी आणि तिच्यावरचं तेल, की झाला पाऊण तासाच्या चालण्याचा हिशेब चुकता. रमजानचे पूर्ण रोजे करूनही वजन का उतरत नाही, तेही तेव्हा कळलं. दिवसभराचा उपास आम्ही इफ्तारच्या तळणीत फेडत होतो.

म्हणजे मी स्वतःशी खोटं बोलत होतो का? नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 'कमी खाऊनही आमचं वजन उतरत नाही' असं म्हणणारी माणसं काटेकोरपणे तपासली. त्यांच्या शरीराच्या चयापचयात दोष नव्हता. ती आपलं खाणं सरासरी जवळपास निम्म्यानं कमी सांगत होती आणि आपले कष्ट निम्म्यानं वाढवून सांगत होती. त्यांना फसवायचं नव्हतं. भाकरी मोजली जाते, चमच्यातलं तेल मोजलं जात नाही, इतकंच.

पण सगळा दोष चटणीवर ढकलणंही बरोबर नाही. शरीर मोठं काटकसरी असतं. आवक कमी झाली की ते खर्च कमी करतं. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. ते निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांचं उतरलेलं वजन बरंचसं परत आलं होतं. आणि नुसतं बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. घरावर एकदा दुष्काळ येऊन गेला, की घरातली म्हातारी सुकाळातही कणगीला कुलूप लावते. तसंच हे. तेव्हा काटा थांबला म्हणजे माणूस आळशी झाला, असं समजू नका. शरीर आपलं काम करत असतं.

आता दुसरा प्रश्न. मग चालायचं कशाला?

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. उंची आणि वजन यांच्या गणितातून बीएमआय काढतात. तो दोघांचाही सारखाच होता, २२.३. काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ! पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. फोटोखाली त्यांनी स्वतःचीच थट्टाही केली होती. एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाची लिफ्ट बंद होण्याआधी ती गाठायला धावणं. आपण भारतीय माणसं बारीक दिसूनही आतून जाड असतो, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं.

मी गझल लिहितो. उर्दू शायरीत ओळीच्या वृत्ताला 'वजन'च म्हणतात. ओळ वजनात आहे की नाही, हे बोटांवर मोजता येतं. पण ओळ वजनात चोख असली म्हणून शेर जिवंत असतोच असं नाही. तीस वर्षं ही गोष्ट मी नवोदितांना सांगत आलो, आणि स्वतःच्या देहाच्या बाबतीत नेमकी तीच विसरलो.

डॉक्टरांनी सांगितलेली पुढची गोष्ट माझ्या जास्त कामाची होती. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता सर्वसाधारण सल्ला दिला, त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोजच्या चालण्याची आणि आवरून खाण्याची सवय लावली, त्यांच्यात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन? ते फारसं उतरलंच नव्हतं! काटा जागच्या जागी होता, आणि तरीही कितीतरी माणसं मधुमेहाच्या दारातून परत फिरली होती.

ही सगळी हकिकत मी तलावावर अप्पांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "आम्हा कंडक्टर लोकांचं काही आहे का यात?" आहे, अप्पा. लंडनच्या दुमजली बसवर डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मग मॉरिस यांनी त्यांच्या गणवेशांची मापं मागवली आणि विजारींच्या कमरा बघितल्या. बारीक असो की ढेरपोट्या, कंडक्टरच फायद्यात होता. हे ऐकून अप्पांनी आपल्या पोटावरून असा काही हात फिरवला, की आसपासचे सगळे हसले.

मी पुन्हा चालू लागलो, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. काटा ७९ आणि ८० यांच्या मध्येच घुटमळतो. पण कंबर १०२ ची ९६ झाली. साखरेचा आकडा ६.२ वरून ५.८ वर आला. तीन मजले चढून गेलो तरी कविता वाचण्याइतका श्वास शिल्लक राहतो.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा पुरे. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं, असं तज्ज्ञ सांगतात. चटणी, तेल, शेंगदाणे एकदा तरी चमच्यानं मोजून बघा. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून चालण्याच्या जोडीला जिना चढा, थोडं वजन उचला. थकवा फार असेल, कारण नसताना वजन वाढत असेल, तर थायरॉईड तपासा आणि चालू औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. वजन उतरलं तर चांगलंच, गुडघेही दुवा देतील. काहींना ते उतरवणं गरजेचंच असतं. त्यांच्यासाठी आता इंजेक्शनंही आली आहेत, पण ती कुणी घ्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अप्पा अजूनही विचारतात, "काय शायर, काटा काय म्हणतो?" मी सांगतो, "काटा गप्प आहे, अप्पा. पट्टा बोलतोय." पट्ट्याला आतल्या बाजूनं दोन भोकं नवीन पाडून घेतली आहेत.

शुक्रवारी दुपारच्या नमाजेनंतर मी भाईजानकडे जातो. मऊ तळाची खास चप्पल घालून ते माझ्या हाताला धरतात. दारापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. पंधरा मिनिटं लागतात. परत आल्यावर ते आधी चप्पल काढून तळवे नीट बघतात, कुठे लाल झालंय का, कुठे घासलंय का. मग मला विचारतात, "रोज जातोस ना?" वजन किती, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.

श्रोतेहो, उद्या सकाळी तुमचा काटा हलला नसेल, तर हलला नाही. तुम्ही चप्पल घाला आणि निघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)