पद सुटते, विद्या सुटत नाही



दिल्लीतील मराठी कुटुंबांना बदलीचा हुकूम नवा नाही. घर आवरले जाते आणि वर्षाच्या मध्यावर मुलाला अनोळखी वर्गात बसावे लागते. अशा वेळी याच शहरातील एक उदाहरण आठवावे.

चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. म्हणून १९५६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. सत्तेचे पद सुटले, पण कार्य थांबले नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या या विद्वानाने ‘मेघदूत’ही मराठीत आणले. पदे बदलली, विद्येची सोबत सुटली नाही.

देशमुखांनी पद स्वतःहून सोडले. मुलाला बदलीबाबत कोणी विचारतही नाही. म्हणूनच ‘होईल सवय’ म्हणून त्याला गप्प बसवू नये. जुने मित्र दुरावल्याचे दुःख त्याला बोलू द्यावे. जुन्या वर्गाला पत्र लिहू द्यावे. मग त्याची आवड, मग ती पेटी असो, चित्रकला असो वा वाचन, नव्या घरात पहिल्याच आठवड्यात सुरू करून द्यावी. सामान मागाहून आले तरी चालेल. ही शिदोरी मात्र मुलाबरोबरच पोहोचली पाहिजे.