ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीला कान
(गणेशोत्सवातील व्याख्यान)

मंडळी, आपल्या बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचे कारखाने इतके, की इथल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरी केलेली असणार. तेव्हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

लोखंडी टाकी, तीत तेल, तेलात कागद गुंडाळलेली तांब्याची वेटोळी. सगळी मदार त्या कागदावर. त्यात एखादी बारीक पोकळी राहिली, तर विजेचा ताण नेमका तिथे वाढतो आणि आतल्या आत ठिणगी पडते. तिला पार्शल डिस्चार्ज म्हणतात. मराठीत आंशिक विसर्जन म्हणावे लागेल. गणपतीच्या मांडवात नको तो शब्द! ती मोजतात पिकोकूलोममध्ये. एक पिकोकूलोम म्हणजे सुमारे 62 लाख इलेक्ट्रॉन. ऐकायला पुष्कळ, प्रत्यक्षात काहीच नाही. पण दर ठिणगीला कागद थोडा जळतो, आणि कधीतरी आरपार वाट होते. मग टाकी फुटते, तेल पेटते.

ठिणगीला आवाज असतो, आपल्या कानांच्या पलीकडचा. टाकीला बाहेरून ग्रीस लावून सेन्सर चिकटवतात. तेलात आवाज सेकंदाला साधारण 1400 मीटर जातो. म्हणजे एक मीटरला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. चार सेन्सरांवर तो किती मागेपुढे पोचला, यावरून जागा काढता येते. मात्र पोलादातून तो तेलापेक्षा कितीतरी वेगाने धावतो, आणि तिथेच माणूस फसतो.

मीही फसलो आहे. एका उपकेंद्रात सेन्सर सारखा खडखडत होता. अर्थिंगच्या तारेवरचा दुसरा सेन्सर गप्प होता, तेलात हायड्रोजनही वाढला नव्हता. तिथले साहेब म्हणाले, "काका, थोडं थांबू या का?" मी म्हणालो, "नको, उघडा." ऐन उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर बंद केला, तेल काढले. आत कागद कोरा करकरीत. टाकीच्या आतल्या बाजूची एक चुंबकीय पट्टी तेवढी सैल होऊन थरथरत होती. नट आवळायला पाच मिनिटे लागली. पण उघड्यावर कागद दमट होतो, म्हणून तो पुन्हा सुकवून, निर्वातात तेल भरेपर्यंत बरेच दिवस गेले. तोवर अर्ध्या गावाची वीज पाळीपाळीने जात होती.

तेव्हापासून दोन निरनिराळ्या प्रकारचे सेन्सर एकच गोष्ट सांगेपर्यंत मी तेलाचा नमुना रोज काढायला लावतो, आणि साहेबांना हो किंवा नाही, काहीच लिहून देत नाही.