पाहुण्यांना गोदाकाठ दाखविताना



पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने रामकुंड, काळाराम, सीतागुंफा दाखवितो. गेल्या रामनवमीला घाटावरील गर्दीत माझ्या नणंदेच्या लेकीचा हात माझ्या हातून सुटला. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते आठवून पाय लटपटू लागले! पण “चुकलीस तर दुतोंड्या मारुतीपाशी थांब,” असे घरून निघतानाच सांगितले होते. पोर तिथेच सापडली.

पावसाळ्यात मात्र तोच मारुती पुराचे माप. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की गोदामाई बघता बघता चढते. तेव्हा दर्शन दुरूनच घ्यावे. पुण्य कुठे पळून जात नाही!