कडी कुठून फेकायची



सातारा आणि सांगलीच्या माणसांनी एकत्र बसायचं तर कराडइतकी योग्य जागा नाही. साताऱ्याकडून येणारी कृष्णा इथं कोयनेला भेटते आणि दोघी मिळून सांगलीकडे जातात. 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झालेला आणि 1960 साली सांगली हे नाव मिळालेला जिल्हा मुळात याच घरातला. इथलं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीत आहे. तिथून मिरजेच्या गाडीत बसलं की तासाभरात किर्लोस्करवाडी येते आणि लगेच पुढं भिलवडी. ओगल्यांचा प्रभाकर कंदील, किर्लोस्करांचा नांगर आणि साताऱ्याजवळच्या लिंबहून भिलवडीला येऊन चितळ्यांनी 1939 साली उभी केलेली डेअरी, हे सगळं एका तिकिटाच्या अंतरात आहे. काचेच्या त्या भट्ट्या आज थंड आहेत, हेही विसरू नये.

उद्योजकाची मनोवृत्ती आणि त्याची प्रेरणा, हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावरची व्याख्यानं हल्ली गावोगाव होतात. मुलं भारावून बाहेर पडतात, आठ दिवस सकाळी लवकर उठतात आणि नवव्या दिवशी पुन्हा भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसतात. दोष मुलांचा नाही. मोठं स्वप्न बघा, उडी मारा, असं त्यांना सांगितलं जातं. उडी कुठून मारायची, हे सांगत नाहीत.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी या ‘कुठून’चा फार नेमका विचार केला. लहान मुलांच्या एका खेळात जमिनीवर खुंटी ठोकलेली आणि हातात कड्या. कडी खुंटीत बसवायची, उभं कुठं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही मुलं खुंटीला चिकटून उभी राहिली, नेम चुकायची भीतीच नको. काही पार भिंतीपाशी गेली, तिथून चुकलं तर लाज नाही. ज्यांच्या मनात काही करून दाखवायची खरी ओढ होती ती मधे थांबली. प्रयत्न केला तर जमेल आणि न केला तर नक्की चुकेल, अशा अंतरावर. ही ओढ मोठ्या माणसांतही वाढवता येते का, हे बघायला मॅक्लेलंड आपल्या देशात आले. 1964 साली आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना प्रशिक्षण देण्यात आलं, आणि इतरांच्या तुलनेत ही माणसं पुढच्या काळात धंदा वाढवायला जास्त धडपडताना दिसली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ती नीट कळली ती या कड्यांच्या खेळामुळे. त्यांच्याबद्दल बोलताना आपण एकदम माळरानावरचा कारखाना डोळ्यांसमोर आणतो. जणू माणसानं एका रात्रीत ठरवलं आणि उभा केला. क्रम तसा नाही. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, आणि आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत हे तिथं लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाच्या मनाचं काय झालं असेल, याचा विचार करा. पण हातात रेषा होती, ती कुणी काढून घेतली नव्हती. त्या रेषेवर ते यंत्रांची रेखाटनं शिकले आणि पुढं शिकवायलाही लागले. नोकरी चालू असताना 1888 साली बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि भाऊ रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडली तेव्हा पाय ठेवायला दुकान होतं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. प्रत्येक वेळी खुंटी एक पाऊल लांब आणि हात आधीच्या फेकीनं तयार झालेला.

नांगर मात्र खपेना. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांवर मी नेहमी थांबतो. आपण ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसतो आणि पुढं जातो. मला तसं हसावंसं वाटत नाही. ज्याचं अख्खं वर्ष एका पेरणीवर उभं आहे, त्यानं अनोळखी लोखंड जमिनीत घालायच्या आधी दहा वेळा विचार करणं हा शहाणपणा आहे. त्याचा धोका त्याच्या जागी जाऊन मोजता येणं, ही उद्योजकाच्या मनोवृत्तीतली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढं याच किर्लोस्करांचे नांगर विकण्याचं काम करत एक तरुण खेड्यापाड्यांतून हिंडला, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसला. त्यांचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली त्यांनी इथून जवळच काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. नांगर विकताना रयतेची घरं त्यांनी किती जवळून पाहिली असतील! कर्मवीरांना आपण शिक्षणमहर्षी म्हणून पुजतो. ते उत्तम विक्रेतेही होते, हे या सभेनं अभिमानानं सांगावं.

आणि आता माळरानाकडे येतो. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली, आणि 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. निवडुंगानं आणि नागांनी भरलेली जागा. औंधला बांधकामाचं काम घेतलं असताना लक्ष्मणरावांची कामाची रीत महाराजांनी बघितली होती. महाराज स्वतः चित्रकार होते. एका चित्रकारानं दुसऱ्याच्या हातातली रेषा ओळखली, असं मला फार वाटतं. वाडीची राखण करायला लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगलेली माणसं नेमली. स्वतःवर कुणी भरवसा टाकला होता, तो त्यांनी पुढं दिला. ओगल्यांनाही औंधच्या दरबाराचा आधार मिळाला होता. मराठीत ‘धीर धरणं’ म्हणतात तसंच ‘धीर देणं’ही म्हणतात. आपण तरुणांना फक्त धरायला सांगतो.

माझ्या स्वतःच्या फौंड्रीतला एक प्रसंग सांगतो. धंद्याचं तिसरं वर्ष होतं. पंपाच्या बॉड्यांची तोपर्यंतची सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली होती, तारीख जवळ आली होती. आमचा जुना मोल्डर दोनदा म्हणाला, “मालक, वाळूत ओल जास्त हाय.” मी म्हणालो, चालतंय, ओता. वाळूतल्या ओलीची वाफ होते, ती धातूत अडकते आणि आत पोकळी राहते. मशिनवर लावल्यावर एकेका बॉडीत ब्लोहोल दिसायला लागले. निम्म्याहून जास्त माल परत आला. त्या रात्री धंदा बंद करायचं मी ठरवलं होतं. सकाळी गेलो तर तोच मोल्डर पाटावर वाळू पसरून उन्हाला वाळवत बसला होता. एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या शेजारी बसून वाळू मुठीत दाबून बघायला शिकलो. त्या दिवसापासून मला कुणी प्रेरणा कुठून मिळाली असं विचारलं, तर मला ती वाळू आठवते.

आता विटा, खानापूर, आटपाडीकडे वळू. कमी पावसाचा हा मुलूख. इथला गलाई व्यावसायिक केरळापासून पंजाबापर्यंत सराफी पेठांत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करताना भेटतो. यातल्या बहुतेकांनी व्यवस्थापनाची पदवी घेतलेली नाही. गावातला पोरगा आधी गाववाल्याच्या दुकानात जातो. तिथंच जेवतो, तिथंच झोपतो, मूस, भट्टी आणि तेजाब हाताळतो, परमुलखाची भाषा शिकतो. काही वर्षांनी मालकच म्हणतो, अमक्या गावात जागा आहे, तू बस आता. मॅक्लेलंडचं नाव न ऐकलेल्या या माणसांनी खुंटीचं अंतर नेमकं मोजलं. परमुलखातल्या एका दुकानानं किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, ते त्या भागातल्या आयाबायांना विचारा.

साताऱ्याच्या दुष्काळी अंगाला म्हसवड आहे. तिथल्या माण तालुक्यातल्या मजुरी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांना बचत ठेवायला बँक हवी होती. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं त्यांनी स्वतःच बँक काढायचा अर्ज केला. रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण अर्जदार निरक्षर होत्या. बायका खचल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथं त्यांनी साहेबांना सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय सांगायला लावा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं, हिशेब मात्र आयुष्यभर येत होता. आपल्याला काय येतं हे ओळखून त्याच जागेवर पाय रोवणं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आज या सभेला माणच्या काही भगिनी आल्या आहेत. मी त्यांना इथूनच नमस्कार करतो.

मित्रांनो, या सभागृहात दोनशेच्या आसपास कारखाने, दुकानं, गोठे, प्रक्रिया उद्योग बसले आहेत. बाहेर कराडच्या अभ्यासिकांमध्ये आत्ता या क्षणी किती मुलं वाकून बसली आहेत, हे येताना तुम्हीही बघितलं असेल. त्यांतल्या कित्येकांना आपण वस्तू कशी ठरते, खरेदी कशी होते, उधारी कशी मागतात, माल परत आला तर काय करतात, हे कधी दाखवलेलंच नाही. आपल्या घरातल्या मुलाला जेवता जेवता जे कळतं, ते शेतमजुराच्या मुलीला कुठून कळणार? ज्यानं घरात कधी धंद्यातली बुडीत रक्कम बघितली नाही, त्याला बुडण्याची भीती खरी केवढी असते तेही माहीत नसतं. म्हणून त्याला ती मोजता येत नाही, आणि न मोजता आलेली भीती माणसाला भिंतीपाशी नाहीतर खुंटीपाशी नेते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. प्रत्येकानं एक वर्ष एका अनोळखी घरातल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या गल्ल्यामागं, भट्टीशेजारी, हिशेबाच्या वहीसमोर बसवावं. पगार द्यावा, चूक करू द्यावी, आणि वर्ष संपल्यावर पहिली छोटी ऑर्डर आपणच त्याला द्यावी. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव, गाव आणि किती जागा, एवढंच लिहायचं आहे. पहिल्या ओळीवर मी माझी फौंड्री आणि दोन जागा लिहिल्या आहेत. त्यातली एक त्याच जुन्या मोल्डरच्या हाताखाली आहे. तो आता सत्तरीला आला, पण सकाळी मुठीत वाळू दाबून बघायला अजून तोच येतो.