ताप एंजिनाचा कीं कांट्याचा?



शहाणा वैद्य रोग्याच्या अंगाला हात लावल्यावांचून केवळ पाऱ्याच्या नळीवर विसंबत नाहीं. जुन्या मोटारीच्या मालकाला मात्र हा विवेक क्वचितच सुचतो. समोरचा कांटा लाल रेघेकडे सरकला, कीं त्याच्या काळजाचें पाणी होतें. मग रेडिएटरमधील पाणी कसें कां असेना!

पुण्यांतील माझ्या एका स्नेह्याजवळ सन 1968 ची ब्रिटिश मोटार आहे. कांटा सदैव चढलेला पाहून त्यानें रेडिएटर धुवविला, थर्मोस्टॅट बदलला, शेवटीं पंखाहि नवा घातला. कांटा तेथेंच. मीं सहज विचारलें, "पेट्रोलचा कांटा काय म्हणतो?" तो म्हणाला, "तो तर फारच उदार आहे. टाकी भरली कीं शेवटच्या रेघेच्याहि पलीकडे जातो." तेथेंच कोडें उलगडलें.

त्या काळच्या मिनी, स्पिटफायर वगैरे ब्रिटिश मोटारींत हे दोन्ही कांटे एकाच लहानशा डबींतून वीज घेतात. बॅटरीचा दाब 12 व्होल्ट, एंजिन चालू असतां 14 च्या आसपास. ही डबी तो सरासरी 10 वर राखते. एंजिनाच्या माथ्याजवळ पाण्यांत बुडालेलें एक पितळी बोंड असतें. पाणी तापलें कीं त्याचा विद्युत्-विरोध घटतो, प्रवाह वाढतो, कांट्यामागील दोन धातूंची पट्टी तापून वांकते आणि कांटा चढतो. डबीचें अर्थिंग गंजलें, कीं बॅटरीचा सगळा दाब दोन्ही कांट्यांवर येतो व दोघेहि जोडीनें खोटें बोलूं लागतात. स्नेह्याचा दोष तेवढाच होता. खर्च काय तो कांचकागदाच्या तुकड्याचा. पंख्याचे पैसे अर्थात् गेले ते गेलेच.

एकच कांटा बिघडला असेल तर किल्ली फिरवून ठेवावी व बोंडावरील तार काढावी. कांटा थंड बाजूस यावा. तीच तार क्षणभर, क्षणभरच, एंजिनाच्या धातूला टेकवावी, कांटा चढावा. तसें घडल्यास तार आणि कांटा निर्दोष, संशय बोंडावर. तें काढून थर्मामीटरसह गरम पाण्यांत तपासावें. दुरून उष्णता वाचणारें इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम आणखी सोपें. थर्मोस्टॅट 82 अंशांचा, त्याच्या घरावरचा आंकडा 85 च्या जवळपास आणि कांटा मात्र लाल रेघेवर, तर रेडिएटरवाल्याकडे कशाला जावयाचें?

परंतु कांट्याचें दुसरें असत्य अधिक घातकी, आणि तें मी स्वतःच्या खर्चानें शिकलों. माझी जुनी गाडी खंबाटकीचा घाट चढत असतां कांटा प्रथम चढला आणि मग झपाट्यानें उतरला. मीं मनांत म्हटलें, वारा लागला! वस्तुतः रबरी नळी फुटून पाणी रस्त्यावर वाहून गेलें होतें. कोरड्या पडलेल्या बोंडाला उष्णता पोंचविणारें कांहीं उरलें नव्हतें. मी निश्चिंतपणें माथा गांठला, तोंवर सिलिंडर-हेड वांकडें झालें होतें.

चढावर कांटा असा अकस्मात् उतरला, तर तत्काळ गाडी बाजूस घेऊन एंजिन बंद करावें. रेडिएटरचें झांकण मात्र लगेच उघडूं नये. दाबाखालचें पाणी 100 अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. झांकण सुटतांच तें वाफेसह उसळून तोंडावर येतें. अर्धा तास झाडाखालीं बसावें, मग जाड फडकें घेऊन हात लावावा.