पेरणी आणि वारी



शंभर वर्षांत आपल्या दिंडीत पुष्कळ बदललं. बैलगाडी गेली, ट्रक आला, पाण्याचा टँकर आला. पण जुन्या माणसांचा रिवाज एकच होता : मृगाला पेरायचं आणि मग खांद्यावर पताका घ्यायची. ज्येष्ठ वद्यात पालखी निघेतोवर कुणब्याचा हात मोकळा झालेला असायचा.

आता तो मेळ मोडतोय. मृग कोरडा जातो. एखादी सर पडली म्हणून माणूस घाईनं पेरतो, मग पंधरा-वीस दिवस उघाड पडते आणि उगवलेलं करपतं. दुबार पेरणी, पुन्हा उसनं बी-खत. नंतर महिन्याचा पाऊस एका रात्रीत येतो आणि माती घेऊन जातो. तापलेली हवा जास्त वाफ धरते, अन् सोडते तेव्हा एकदम सोडते.

राज्यातली सुमारे ८० टक्के शेती पावसावर आहे. पाऊस सगळ्यांनाच हुलकावणी देतो, पण मार सारखा बसत नाही. विहीरवाला तुषार लावून पीक तगवतो. दोन एकर कोरडवाहूवाला सावकाराच्या दारात जातो. ज्याला जमीनच नाही, त्या बाईची खुरपणीची मजुरी बुडते. बीडकडची कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा सुटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तशा दुष्काळात हंडे घेऊन रांगेत उभं कोण राहतं? आपल्या मायबहिणीच.

दिंडीत आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो. ही समता गावच्या पाण्यापर्यंत, बांधापर्यंत न्यायची आहे. माझी तीन मागणी आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला कीर्तनातून सांगा. पाणी आटू लागलं की आधी पिण्याचं, मग उसाचं, असा गावात ठराव करा. आणि निघण्याआधीच्या बैठकीत विचारा : यंदा कोण येत नाही, आणि का?

ज्याची पेरणी मोडली असेल, त्याच्या रानात चौघांनी पाभर घेऊन जा, दिंडीच्या शिल्लकीतून बियाणं द्या. त्याचं रान पेरून झालं की त्यालाही सोबत घ्या. चार दिवस उशिरा निघालो तरी पुढच्या मुक्कामाला गाठता येईल.

रामकृष्ण हरी!