ज्ञानाचे ऋण



जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता निधी उभारला. ते दान नव्हते, परतफेडीचे कर्ज होते. एकाने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याची वाट मोकळी व्हावी, हे त्याचे मर्म. याच जमशेटजींनी १८९८ मध्ये स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून विज्ञान-संशोधन संस्थेच्या संकल्पासाठी साहाय्य मागितले. १९०९ मध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था साकारली.

आज तेथे किंवा पवईच्या आयआयटीत एम.टेक. करण्यास श्रीमंती लागत नाही. साधारणतः फेब्रुवारीत 'गेट' परीक्षा होते. तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो. मात्र परीक्षेतील यश म्हणजे प्रवेश नव्हे. प्रत्येक संस्थेकडे मुदतीत स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि नेमके हेच न कळल्याने खेड्यातील गुणी मुलगा मागे राहतो. 'गेट'च्या बळावर अध्यापन-सहायक म्हणून प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मोबदल्यात आठवड्याला आठ तास वर्गात वा प्रयोगशाळेत साहाय्य करावयाचे असते.

हा पैसा समाजाच्या करातून येतो. म्हणून ते ऋण आहे. एखाद्या बापाने शेत गहाण ठेवण्यापूर्वी ही माहिती त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. येथे बसलेल्या प्रत्येक अभियंत्याने यंदा आपल्या गावातील एका विद्यार्थ्याला अर्ज भरण्यास हाताशी धरावे. ऋणमुक्तीचा याहून सोपा मार्ग नाही.